अकरा दिवसांची नक्कल

पेन दोरीला बांधलेलं होतं आणि दोरी आखूड होती. पांढऱ्या सुताची, मधे एकदा तुटून पुन्हा गाठ मारलेली… सही करायची तर रजिस्टर पेनाजवळ ओढावं लागत होतं, आणि काउंटरची कड अशी उंच की माणूस आपोआप वाकत होता. रेवती वाकली, मग सरळ झाली, पर्समधलं स्वतःचं पेन काढलं, आणि 'कोणास भेटावयाचे' या रकान्यात लिहिलं — स्वतःस. लिहून झाल्यावर तिला ते विचित्र दिसलं. खोडावं का? पण तहसीलच्या नक्कल विभागात चौदा वर्षं काढलेल्या बाईच्या हातून रजिस्टरात खाडाखोड होत नाही. तिनं ते तसंच राहू दिलं.

"पेशंटचं नाव?" काउंटरपलीकडच्या मुलीनं विचारलं. तिच्या ओढणीला लावलेल्या पट्टीवर 'अपेक्षा' असं नाव होतं.

"रेवती नारायण खेर्डेकर. मेहकर."

"आन् तुम्ही कोण त्यांच्या?"

"मीच."

मुलीनं मान वर केली. पाहिलं — केस, साडी, हात, पुन्हा चेहरा. हे पाहणं रेवतीच्या ओळखीचं होतं. पाच वर्षांत मेहकरमधल्या बहुतेक माणसांनी तिला एकदा तरी असं पाहिलं होतं. भांड्याला तडा गेला आहे का हे उजेडात धरून बघतात तसं.

"म्हणजे… फाईल तुम्हाले स्वतःलेच पाहिजे? नातेवाईक कोणी नाही आले सोबत? आमी फाईल नातेवाईकाच्याच हातात देतो मॅडम."

"मी अर्ज पाठवलेला आहे. रजिस्टर पोस्टानं." रेवतीनं अर्जाची प्रत काढली, तिच्यावर टाचलेली पोस्टाची पोचपावती काढली, दोन्ही काउंटरवर ठेवून बोटानं सरळ केली. "पंधरा दिवसांची मुदत असते. आज सोळावा दिवस आहे."

मुलगी कागद घेऊन आत गेली. आवाज कापला नाही आपला, रेवतीच्या मनात आलं. घसा मात्र कोरडा होता — पण तो गोळ्यांनी रोजच असतो, त्याचं काही विशेष नाही.

ती भिंतीकडेच्या बाकावर बसली. नक्कल विभागात तिच्या खिडकीसमोरही असाच एक बाक आहे. सकाळी दहापासून त्यावर माणसं बसतात, साखरखेर्ड्याकडची, लोणारकडची, आपापल्या पिशव्या मांडीवर घट्ट धरून. आणि खिडकीशी आल्यावर उगीचच अजिजीनं बोलतात, जणू स्वतःच्याच आजोबाच्या जमिनीचा फेरफार मागणं म्हणजे कुणाचं तरी उसनं मागणं. ती त्यांना म्हणते, अहो, तुमचाच कागद आहे, अर्ज करा आणि घेऊन जा. चौदा वर्षं ती हे वाक्य म्हणते आहे. स्वतःच्या बाबतीत ते म्हणायला तिला पाच वर्षं लागली… की चार वर्षं आणि अकरा महिने? तेही नीट माहीत नाही. दाखल कुठल्या तारखेला केलं, हे दादाच सांगतो.

सगळं दादाच सांगतो. लक्ष्मीकांतदादा, तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा, शाळेत मराठी शिकवणारा, खडूचे हात झटकल्याशिवाय पाण्याच्या पेल्यालाही न शिवणारा दादा. त्या चार-पाच दिवसांत घरी आणि पुढच्या अकरा दिवसांत इथं काय काय झालं, ते तिला आठवत नाही. आठवतं ते असं — उन्हानं तापलेल्या सिमेंटचा वास, कुणाच्या तरी हातातल्या बांगड्या, आणि जिभेवर एक कडू जडपणा. बाकी कोरं. त्या कोऱ्या जागेत दादानं जे लिहिलं, तेच तिचं झालं.

पहिल्या वर्षी तो म्हणायचा, "तू आरोहीला घेऊन गच्चीवर गेली होतीस." आरोही, त्याची मुलगी, तेव्हा तीन वर्षांची. पुढं कधीतरी ते झालं, "कठड्यापाशी उभी होतीस तिला घेऊन." मग, "कठड्यावर बसवलं होतं तू तिले." आणि परवा-परवा, वहिनीच्या माहेरची माणसं आली तेव्हा, चहाचे कप मांडता मांडता तिनं स्वयंपाकघरातून ऐकलं, "मी वेळेवर पोचलो म्हणून, नाही तर…" — आणि त्या 'नाही तर'पुढं सगळ्या खोलीनं टाकलेला तो सुस्कारा. तो दुष्टपणानं बोलत नव्हता, हे तिला माहीत होतं. आवाज खरा होता त्याचा. पण दर सांगण्यागणिक ती आणि ती पोर कठड्याच्या एकेक पाऊल जवळ सरकत होत्या, आणि हे सरकणं फक्त तिलाच दिसत होतं; आणि तिचा शब्द तर कुणीच धरणार नव्हतं, ती स्वतःसुद्धा.

कारण मी केलं असेल तर?

हे इतकं साधं होतं. न केलेल्याची शपथ घेता येते, केलेल्याची कबुली देता येते. पण जे आठवतच नाही त्याचं काय करायचं? पाच वर्षं आरोहीला तिच्याजवळ एकटं सोडलं गेलं नाही. कुणी तसं बोललं नाही, फक्त वहिनी दरवेळी कशासाठी तरी खोलीत यायची. आणि रेवतीलाच सवय लागली — आरोही धावत आली की दोन्ही हात मागं घ्यायचे, पाठीशी. पोरीला वाटायचं खेळ आहे. "आत्या, काय लपवलं हातात? दाखव ना." "काही नाही गं." आता ती आठ वर्षांची आहे, आता विचारतही नाही.

डिसेंबरात तहसीलच्या सभागृहात कायद्याच्या माहितीचं शिबिर झालं. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून कर्मचाऱ्यांना बसवलं होतं. जिल्ह्याहून आलेल्या वकीलबाई घटस्फोट, वारसा, ग्राहक असं करत करत मानसिक आरोग्याच्या कायद्यावर आल्या तेव्हा निम्मं सभागृह चहाला उठलं होतं. आजार आहे एवढ्यावरून माणूस निर्णय घ्यायला असमर्थ ठरत नाही, त्या म्हणाल्या. उपचार घेणाऱ्याला आपल्या उपचाराची कागदपत्रं मागता येतात, त्या म्हणाल्या. शेजारी बसलेला शिपाई किसनराव डुलक्या घेत होता. रेवतीनं कुणाकडे न पाहता शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेवर अगदी बारीक अक्षरात लिहिलं — कलम २५. आणि मग कितीतरी दिवस तो कागद तिनं दोन फायलींच्या मधे ठेवून दिला. आहे ना तिथं, म्हणून रोज एकदा पाहायची फक्त.

"तहसीलवाल्या ताई ना तुमी?"

समोर एक ठेंगणी बाई उभी होती, हातात धुतलेल्या चादरींची चळत. रेवतीनं चेहरा आठवून पाहिला. नाही.

"मले नाही वळखलं. मी जनकाबाई. देऊळघाटची. वार्डात असतो आमी." तिनं चादरी बाकावर ठेवल्या आणि कडेला टेकली. "बऱ्या दिसून राह्यल्या आता. आंग भरलं."

"मला त्या दिवसांतलं काही आठवत नाही हो."

"मंग हेबी नसंल आठवत." जनकाबाईनं डाव्या हाताची बाही वर सारली. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, पांढुरक्या ठिपक्यांची एक कोर. "हे तुमचं हाय."

रेवतीला आधी कळलंच नाही. मग कळलं. "मी… चावले?"

"हाव. तिसऱ्या दिशी. दोघींनी धरलं होतं तुमाले, त्यातली मी एक. तुमी म्हनत होत्या सोडा, सोडा. आन् आमी काही सोडून नव्हतो राह्यलो. मंग चावसान नाही त काय करसान?" ती हे असं म्हणाली की जणू पाऊस आला तर भिजणारच.

"फार लागलं असेल."

"लागलं त. सुई घ्या लागली. पन मंग जायच्या आंधी एक दिस तुमीच माही वेणी घालून देल्ली. चार पेडांची. माह्या पोरीनं इचारलं, माय, कोनं घातली एवढी झ्याक वेणी." जनकाबाई उठली, चादरी उचलल्या. "येतो मी. डाक्टर बलावतीन आता तुमाले."

रेवती त्या हाताकडे पाहत राहिली, तो हात वळणावर दिसेनासा होईपर्यंत. लाज वाटत होती, कानशिलं तापली होती — आणि तरी त्या लाजेच्या खाली आणखी काहीतरी होतं, ज्याला ती घाबरतच हात लावत होती. एक आधार. त्या दिवसांतली ही पहिली गोष्ट होती जिला माप होतं. दोन बोटं लांब, ठिपके सहा. ती कमी करता येणार नव्हती आणि वाढवताही. मी चावले. हो, मी चावले… मग दुसरंही विचारायला हवं होतं का तिला? लहान मुलीबद्दल मी काही बोलत होते का, हा प्रश्न जिभेपर्यंत आला होता. पण नको. तोंडाचं सांगणं पुष्कळ झालं. आता कागद.

डॉक्टर तरुण होते. दारावर 'डॉ. ऋत्विक' एवढंच वाचता आलं तिला, पुढच्या अक्षरांवर ऊन चमकत होतं. तिच्या वेळचे डॉक्टर केव्हाच सोडून गेले होते. टेबलावर एक फाईल, बदामी पुठ्ठ्याची, कोपरे मुडपलेले; वर तिचं नाव आडव्या हातानं लिहिलेलं. इतकीशीच? तिला वाटलं होतं मोठी असेल.

"बसा. मी वाचली कालच," डॉक्टर म्हणाले. "द्यायला माझी हरकत नाही. पण असं आहे, की काही नोंदी वाचताना पुन्हा त्रास होऊ शकतो. तुमची तब्येत आता छान आहे, कशाला उगीच… असं करूया का, तुमच्या भावाला बोलावून घ्या एखाद्या दिवशी. ते असताना आपण तिघं मिळून वाचू."

हो, बरं. हे दोन शब्द तिच्या तोंडात तयारच असत. या खोलीत, या खुर्चीत — की तिच्यासारख्याच दुसऱ्या खुर्चीत — ती आणि दादा बसलेले असताना जुने डॉक्टर तिच्या डोक्यावरून दादाला विचारायचे, झोप लागते का त्यांना? भूक? चिडचिड? आणि दादा सांगायचा, आणि ती दोघांच्या मधे बसून स्वतःच्या झोपेबद्दल ऐकायची. वाईट नव्हतं कुणीच. डॉक्टर चांगले होते, दादा चांगला होता. एवढ्या सगळ्या चांगुलपणात तिनं एकदा तरी तोंड उघडलं असतं तर… पण काय बोलणार होती? तिचा एकूण एक शब्द तेव्हा लक्षण होता.

"डॉक्टर," ती म्हणाली, "कलम पंचवीस."

"अं?"

"एखादी नोंद वाचून मला गंभीर इजा होईल असं तुम्हाला वाटत असेल, तर ती नोंद तुम्हाला रोखता येते. तसा अधिकार आहे तुम्हाला. पण मग कुठली नोंद रोखली ते मला लेखी द्या. आणि त्याविरुद्ध मला पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करता येतो, हेही त्यात लिहा. मी करीन अर्ज." ती थांबली. "उरलेली पानं आज द्या."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"वकील आहात का तुम्ही?"

"नाही. मी नक्कल देते. मेहकर तहसीलला."

ते थोडं हसले, आणि मग हसू आवरून त्यांनी तिच्याकडे पाहिलं — आणि हे पाहणं वेगळं होतं, तडा शोधणारं नव्हतं. "काय शोधायचंय तुम्हाला यात?"

"त्या दिवसांत मी काय केलं ते अर्ध्या मेहकरला माहीत आहे. एकट्या मलाच नाही."

डॉक्टरांनी फाईल उघडून पहिल्या पानावर काहीतरी लिहिलं, सही केली, घंटी वाजवली. "सगळी देतो. रोखण्यासारखं मला तरी काही वाटत नाही. वाचून अस्वस्थ वाटलं तर फोन करा, संकोच करू नका." आणि ती उठत असताना, "हां, एक राहिलं. कागदोपत्री तुमचा प्रतिनिधी म्हणून, म्हणजे गरज पडली तर उपचारांबाबत तुमच्या वतीनं बोलणारा म्हणून, भावाचं नाव आहे. पुढंही तेच ठेवायचं?"

हो — तोंड उघडलंसुद्धा होतं.

"विचार करून लेखी कळवते," रेवती म्हणाली.

आवारात कडुनिंबाखाली सिमेंटचा एक बाक होता. बुलढाण्याच्या हवेत दुपारीही थोडा गारवा असतो. सावली पातळ होती, हलत होती. तिनं लिफाफा मांडीवर ठेवला. हात धुवावेत असं वाटलं. मग नक्कल तपासताना करते तसं केलं — आधी वाचायचं नाही, शिक्के पाहायचे. प्रत्येक पानावर 'सत्यप्रत' आहे का, सही आहे का. आहे. मग वाचायला लागली.

दाखल केल्याची तारीख. वजन. रक्तदाब. औषधांची नावं, त्यातली दोन अजून चालू असलेली, जुन्या ओळखीच्या माणसांसारखी. रोजच्या नोंदी, वेगवेगळ्या हातांच्या. 'रुग्ण सतत बोलत आहे.' 'रुग्ण म्हणते मला कामावर जायचे आहे, लोक खिडकीवर थांबले असतील.' तिच्या तोंडून हसू फुटलं, आणि लगेच डोळे भरले… वेडी, तिथं पलंगावरही खिडकी उघडायची घाई. तिसरा दिवस. 'रुग्णाने आयास चावा घेतला. दोन्ही हात बांधले. अकरा वाजून दहा मिनिटे ते बारा पंचावन्न.' पावणेदोन तास. म्हणजे बांधणाऱ्यांपैकी कुणीतरी घड्याळ पाहिलं होतं, दोनदा. तिनं आपली मनगटं पाहिली. एक राग आला, स्वच्छ आणि मोठा, पाच वर्षांत न आलेला. तिनं त्याला येऊ दिलं. रागावलं की गोळ्या वाढवतात, म्हणून रागवायचं ती विसरूनच गेली होती. बाकावर बसून, कुणालाही न दाखवता, ती पुरती दोन मिनिटं रागावली. आणि काही झालं नाही. निंबाची पानं पडत राहिली.

'सातवा दिवस. झोप सहा तास. भाचीची चौकशी करते, ती जेवली का असे विचारते.' 'नववा दिवस. वॉर्डातील कामात मदत करते.' 'अकरावा दिवस. घरी सोडले.'

कठडा कुठंच नव्हता. तिनं पुन्हा चाळलं. कठडा नाही, गच्ची नाही. एकदम पोटातून हलकं काहीतरी वर आलं — आणि अर्ध्यात थांबलं. बोटांना काहीतरी कळलं होतं. पानांच्या कोपऱ्यातले आकडे. एक, दोन, तीन, पाच.

चौथं पान नव्हतं.

शेवटचं तेवीस, हातात बावीस. तिसऱ्या पानाच्या शेवटी ओळ होती — 'दाखल होण्यापूर्वीची हकिकत, नातेवाइकाने सांगितल्याप्रमाणे, सोबत जोडली आहे.' म्हणजे तिथंच. जे काय होतं ते त्या चौथ्या पानावर.

आता उठून सरळ बसस्टँडवर जाता येईल. हे तिनं स्वतःला अगदी शांतपणे सांगितलं. बावीस पानं, प्रत्येकावर सत्यप्रत, आणि कठडा कुठंही नाही — दादापुढं ठेवायला एवढं पुरे आहे, वहिनीच्या माहेरच्यांना पुरे आहे. कुणी पानं मोजणार नाही. कोण मोजतं? आणि ते पान आणलं, आणि त्याच्यावर असलाच कठडा… तर तो सत्यप्रतीसकट असेल, सही-शिक्क्यासकट. मग मागं घ्यायला हात पुरणार नाहीत. आत्तापर्यंत निदान 'कदाचित' होतं. त्या कदाचितवर ती पाच वर्षं जगली होती, वाईट का होईना.

तिच्या खिडकीशी येणारे असेच असतात कधी कधी. नक्कल हातात आली की घाईघाईनं घडी घालून पिशवीत टाकतात, वाचत नाहीत. ती हाक मारून थांबवते — पानं मोजून घ्या हो, मागाहून तक्रार चालणार नाही.

रेवती उठली. पायऱ्या आठ होत्या, तिनं मोजल्या.

"यात चौथं पान नाही," तिनं अपेक्षाला सांगितलं.

"नसंल निघालं. मशीनीत दोन कागद चिकटतात कधी कधी." मुलीचा डबा उघडा होता. "एका पानानं काय फरक पडते मॅडम? उद्या काढून ठेवते ना."

"नक्कल अपुरी आहे. मी थांबते. जेवून घ्या तुम्ही."

मुलीनं तिच्याकडे पाहिलं, डब्याचं झाकण लावलं आणि उठली. आतून यंत्राचा आवाज आला, हिरवा उजेड भिंतीवरून सरकला. पान हातात आलं तेव्हा गरम होतं.

अक्षर तिनं पाहताच ओळखलं. शिरोरेघ पट्टीनं ओढल्यासारखी सरळ, 'र' चा पाय लांबवलेला. दादा. कुणी त्याचं ऐकून लिहून घेतलं नव्हतं. त्यानं स्वतः, त्या दिवशी, याच काउंटरवर कदाचित, वाकून लिहिलं होतं.

'माझी बहीण चार दिवस झोपलेली नाही. अखंड बोलते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूने लिहिते. कोणावरही हात उचललेला नाही. माझ्या मुलीला घेऊन गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसते व गाणी म्हणते. मुलगी तिच्याजवळ नीट राहते, तिच्या हातून जेवते. इजा केलेली नाही. परंतु मला भीती वाटते. मला तिला सांभाळता येत नाही.'

खाली सही. तारीख.

टाकी गच्चीच्या मधोमध आहे. कठड्यापासून चारी बाजूंनी दहा-बारा पावलं. तापलेलं सिमेंट — तो वास टाकीच्या भिंतीचा होता… पाठीला लागलेली गरम भिंत, आणि मांडीवर एक छोटंसं वजन. हे आठवतं आहे की वाचून वाटतं आहे? तिला ठरवता येईना, आणि तिनं ठरवायचा हट्टही धरला नाही. नक्कल विभागात एक गोष्ट पक्की असते: घटना घडली त्या दिवशी केलेली नोंद एकीकडे, आणि वर्षांनी कुणी तोंडी सांगतो ते एकीकडे. पहिली नोंद धरतात. आणि ही पहिली नोंद होती, ज्यानं पुढं कठडा रचला त्याच्याच हातची.

तिनं ते वाक्य पुन्हा वाचलं — मला भीती वाटते. एवढंच तर होतं. एक माणूस घाबरला आणि बहिणीला इथं ठेवून घरी गेला. इथं तिचे हात बांधले गेले, आणि मग त्या घाबरण्याला पुरेल एवढं काहीतरी मोठं त्याला लागत गेलं, दरवर्षी थोडं थोडं जास्त. दादा, अरे… नुसतं घाबरलो होतो म्हटला असतास तरी चाललं असतं मला.

ती बाहेर पडली ती सरळ, उतारावरून, रिक्षा न करता. ऊन अंगावर येत होतं, पर्स खांद्यावर उड्या मारत होती. आपण जोरात चालतो आहोत हे तिला एका दुकानाच्या काचेत दिसलं, आणि तिनं चाल कमी केली नाही. केव्हापासून ती हळू चालत होती — भरभर चाललं की घरात कुणीतरी कुणाकडे तरी पाहायचं. बसस्टँडसमोर तिनं कढईतून काढलेली मिरचीची भजी घेतली आणि उभ्याउभ्या खाल्ली, जीभ पोळेपर्यंत. भूक! भाजलेल्या जिभेलाही चव होती. शेजारच्या म्हातारीनं पाहिलं, तर ती म्हातारीकडे बघून हसली.

चिखली मागं पडली तेव्हा फोन वाजला. दादा.

"कुठं हायेस?"

"चिखली सोडली आत्ताच."

"झालं काम?"

"झालं."

"काय काम होतं, ते काही सांगितलं नाही तू. मी म्हटलं येतो सोबत, त नको म्हणे."

"दवाखान्यातून माह्या फाईलची नक्कल आणली, दादा."

बस खड्ड्यातून गेली. पलीकडून अगदी हलक्या आवाजात, "काऊन?"

त्या एका शब्दात तीच भीती होती, कागदावरची, पाच वर्षांची जुनी. तिला ती लगेच ओळखू आली. गंमत म्हणजे आता ती भीती तिला स्वतःपेक्षा लहान वाटली, हात धरून रस्ता ओलांडून द्यावा एवढी.

"वाचायची होती मले."

"सगळी देल्ली त्यांनी?"

"तेवीस पानं. एक राह्यलं होतं, चौथं. तेबी मागून आणलं."

"त्यात काय हाय?"

"तुह्यं अक्षर."

तो काही बोलला नाही. फोन ठेवलाही नाही. तीही बोलली नाही. आणि ही शांतता भरून काढायची जबाबदारी आपली नाही, हे तिला नवं होतं. माफी मागायची नव्हती, समजूत घालायची नव्हती. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "ये घरी," आणि त्याचा आवाज शिक्षकाचा नव्हता.

तिनं फोन पर्समध्ये टाकला. बाहेर शेतं मागं पळत होती, उन्हात काळी, मधूनच हिरवी. घरी गेल्यावर काय करायचं? ते पान त्याच्यासमोर ठेवायचं, की आपल्या कपाटात. वहिनीला वाचून दाखवायचं, की नुसतंच आरोहीच्या शेजारी जाऊन बसायचं. प्रतिनिधीच्या रकान्यात कुणाचं नाव लिहायचं — दादाचंच पुन्हा, कदाचित, किंवा त्याचं नाहीच… काहीच ठरलेलं नव्हतं. एरवी घराकडे जाताना प्रत्येक वाक्य तिनं दोनदा घोकलेलं असे, चेहऱ्यासकट. आज एकही वाक्य तयार नव्हतं आणि मेहकर जवळ येत होतं, आणि छातीत जे धडधडत होतं त्याला तिनं भीती म्हणून पाहिलं, तर ते भीती निघालं नाही.

मला आठवत नाही. तिनं ते मनातल्या मनात म्हणून पाहिलं. पुन्हा म्हटलं. मला त्यातले पुष्कळ दिवस आठवत नाहीत, एका बाईला मी चावले, पावणेदोन तास मला बांधलं होतं, आणि एक लहान मुलगी माझ्या हातून जेवत होती… आणि हे सगळं माझं आहे. बस वळणावर कलली, लोक एकमेकांवर रेलले, कुणीतरी कुणाला तरी ओरडलं. रेवतीनं खिडकी आणखी खाली सरकवली. वारा सरळ तोंडावर आला, केस विस्कटले, आणि ते नीट करावेत असं तिला वाटलंच नाही.